अमेरिकेतल्या शहरांमधली 'ॲडल्ट कंटेम्पररी' (म्हणजे प्रौढ श्रोत्यांना आवडणाऱ्या, कानाला सौम्य अशा जुन्या-नव्या लोकप्रिय) गाण्यांची रेडिओ स्टेशनं कमी का होत गेली?

मुख्य कारण मालकी. स्ट्रीमिंगकडे वळलेले श्रोते हे त्यानंतरचं. १९९६च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टने एका कंपनीकडे देशभरात किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादाच काढली आणि मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत स्टेशनांची मुभा दिली. कंपन्यांनी कर्ज काढून स्टेशनं घेतली. जाहिराती इंटरनेटकडे गेल्यावर त्याच कर्जाचं ओझं झालं. मग खर्च कापायचा म्हणून गावातला निवेदक गेला आणि दुसऱ्या शहरात आधीच रेकॉर्ड केलेला आवाज आला. आज कुठल्या रस्त्यावर पाणी साचलंय हे त्या आवाजाला कसं कळणार? माझ्या मते खरं नुकसान इथेच झालं. काही स्टेशनं तर विकलीच गेली. न्यूयॉर्कचं ९५.५ डब्ल्यूपीएलजे क्युम्युलस कंपनीने आणखी पाच स्टेशनांसह १०.३५ कोटी डॉलरला विकलं, आणि ३१ मे २०१९ला त्याच फ्रिक्वेन्सीवर देशभर एकच लागणारं ख्रिस्ती भक्तिसंगीत सुरू झालं. मात्र 'ॲडल्ट कंटेम्पररी' स्टेशनं सगळीकडे संपलेली नाहीत: त्याच न्यूयॉर्कमध्ये १०६.७ लाइट एफएम वर्षानुवर्षं सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या स्टेशनांत आहे, आणि नाताळची गाणी लागली की अशा स्टेशनांचे श्रोते आणखी वाढतात.