रहिवाशांना इमारत विकत घेता यावी म्हणून पैसा उभा करायचा, हे करिअर होऊ शकतं का?

प्रश्न (थोडक्यात): मी फायनान्स घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही भाड्याने राहत होतो ती इमारत विकली गेली, नव्या मालकाने भाडं वाढवलं आणि बरीच कुटुंबं निघून गेली. रहिवाशांनी मिळून ती घ्यायचा विचार केला होता, पण पैसे उभे व्हायच्या आत सौदा झालासुद्धा. मला अशा लोकांसाठी पैसा उभा करायचं काम करायचंय. बाबा म्हणतात हे समाजकार्य झालं, करिअर नाही, एकतर एमबीए कर नाहीतर बँकेत लाग. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र वाचलं. आधी सरळ उत्तर देते, हो, हे करिअर आहे, पगार मिळणारं, शिकत शिकत वर जाता येणारं करिअर आहे. आणि "पैसे उभे व्हायच्या आत सौदा झालासुद्धा" हे जे तू लिहिलंयस ना, त्यातच हे सगळं काम आलं. बहुतेक ठिकाणी रहिवासी इथेच हरतात. लोकांत एकी नसते म्हणून नाही, पैसा कुठेच नसतो म्हणूनही नाही, पैसा असतो पण तो उशिरा येतो.

म्हणजे कसं, विकणाऱ्याला आठवड्याभरात इसार हवा असतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण रक्कम. गुंतवणूकदार एका फोनवर हो म्हणतो कारण त्याचा पैसा तयार असतो. रहिवाशांच्या संस्थेला सरकारी अनुदान मिळणार असलं तरी त्याचे अर्ज बहुतेक ठिकाणी वर्षातून एखाद-दोनदाच घेतात, मग छाननी, मग मंजुरी, मग अटी पूर्ण केल्यावर हप्ता, यात वर्ष सहज जातं. त्यात बँक म्हणते अनुदानाचं पत्र आणा मग कर्ज बघू, आणि अनुदानवाले म्हणतात जागा ताब्यात आहे का ते दाखवा मग अनुदान बघू. या दोघांच्या मधे अडकलेली ती जागा सोडवायला जी माणसं लागतात, तुला तसं व्हायचंय.

यावर उपाय काढलेली शहरं आहेत. वॉशिंग्टन डीसीमध्ये १९८० च्या कायद्याने बऱ्याच भाड्याच्या इमारती विकायच्या आधी भाडेकरूंना त्या घेण्याची संधी द्यावी लागते आणि त्यासाठी ठराविक मुदत मिळते. न्यूयॉर्कमध्ये २००६ मध्ये एक अ‍ॅक्विझिशन फंड, म्हणजे इमारत घ्यायला झटपट कर्ज देणारा निधी, सुरू झाला, त्यात शहराने आणि मोठ्या फाउंडेशन्सनी पैसा बाजूला ठेवला आणि सांगितलं की तोटा झालाच तर पहिली झळ आम्ही सोसतो, त्या भरवशावर बँका पुढे आल्या. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये लहान भाड्याच्या इमारती बाजारातून काढून संस्थांच्या हातात देण्यासाठी वेगळी योजना काढली. हे सगळं आखणारी, कागदावर बसवणारी, रोज चालवणारी माणसं नोकरीच करतायत, हे बाबांना दाखव.

आता आकडे, कारण तू फायनान्सची आहेस आणि तुझा खरा उपयोग इथेच आहे. समज इमारत १०० ला मिळतेय (लाख धर नाहीतर कोटी, प्रमाण तेच). दुरुस्ती, वकील, तपासणी आणि थोडा राखीव निधी मिळून आणखी २०, म्हणजे लागणार १२०. भाड्यातून सगळा खर्च वजा जाता वर्षाला ६ उरतात. बँक ते सहाच्या सहा हप्त्याला लावू देत नाही, ती म्हणते हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न दाखवा, म्हणजे वर्षाचा हप्ता फार तर ४.८. व्याज ७ टक्के आणि मुदत २५ वर्षं धरली तर एवढ्या हप्त्यात साधारण ५६ चंच कर्ज बसतं. उरलेले ६४ कुठून आणायचे? भाडं वाढवलं की कर्ज जास्त मिळेल हे खरं, पण भाडं वाढू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चाललाय. म्हणजे ते ६४ अनुदान, फाउंडेशनचं कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज, रहिवाशांचे स्वतःचे शेअर, आसपासच्या लोकांची छोटी कर्जं असं तुकड्या-तुकड्याने जमवायचं, आणि प्रत्येक तुकड्याची अट वेगळी, तारीख वेगळी, परत करायची पद्धत वेगळी. जर्मनीत फ्रायबुर्गहून सुरू झालेलं भाडे-घरांचं एक जाळं आहे, मीट्सहॉयझर सिंडिकाट, ते ओळखीपाळखीच्या लोकांकडून अशीच थेट कर्जं घेऊन इमारती घेतं, आणि घर पुन्हा विकायचं ठरलं तर नाही म्हणायचा हक्क जाळ्याकडे राखून ठेवतं. ही मांडणी एका शीटवर बसवता येणं आणि ती सामान्य माणसाला समजेल अशी सांगता येणं, याला या क्षेत्रात खूप किंमत आहे, आणि खरं सांगते, तळमळ असलेली माणसं भरपूर भेटतात, हे येणारी फार कमी.

पण एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करून घे, विकत घेणं वेगळं आणि टिकवणं वेगळं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९६९ मध्ये न्यू कम्युनिटीज नावाची संस्था उभी राहिली, कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांनी सामूहिक मालकीची ५,००० एकरांहून जास्त जमीन घेतली, कम्युनिटी लँड ट्रस्टची, म्हणजे जमीन कायम लोकांच्या संस्थेकडे ठेवायच्या पद्धतीची, सुरुवात तिथून धरतात. पुढे दुष्काळ पडला, आपत्कालीन सरकारी कर्ज गोऱ्या शेतकऱ्यांना मिळत होतं तेव्हा यांना वेळेत मिळालं नाही, आणि १९८५ मध्ये कर्जापायी जमीन गेली. भेदभाव झाला हे मान्य होऊन भरपाई मंजूर व्हायला २००९ उजाडलं. मला ही गोष्ट वाचून अजूनही चीड येते, आणि म्हणूनच कुठलंही प्रपोजल हातात आलं की मी आधी विचारते, एक वर्ष वाईट गेलं तर काय? छप्पर गळलं, लिफ्ट बंद पडली, दोन घरं सहा महिने रिकामी राहिली, तर हप्ता कशातून जाणार? राखीव निधी कमी ठेवला की कागदावर गणित छान दिसतं, त्याला भुलू नकोस.

टिकवण्याचा दुसरा अर्थ म्हणजे घर कायम परवडणारं ठेवणं. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनला १९८४ मध्ये सुरू झालेल्या लँड ट्रस्टने (शहरानेच त्याला सुरुवातीचे २ लाख डॉलर दिले होते) ठरवलं की जमीन ट्रस्टची, घर कुटुंबाचं, आणि घर विकताना वाढलेल्या किमतीतला साधारण २५ टक्के हिस्सा कुटुंबाला, बाकीचा घरातच राहतो म्हणजे पुढच्या कुटुंबाला ते कमी किमतीत मिळतं. यावर लोक भांडतात, आमच्या घराचा नफा आम्हाला पूर्ण का नाही म्हणून, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, त्यामुळे हा फॉर्म्युला ठरवायच्या मीटिंगा लांबतात आणि तुला त्यात बसायला लागणार. मला विचारशील तर एकदा अनुदान घातलेलं घर पुन्हा बाजारभावाने विकलं जाऊ नये, कारण पुढच्या वेळी तेवढं अनुदान कोणी देत नाही.

वस्ती सुधारण्याचंही असंच. रस्ते, बाग, दिवाबत्ती आधी आणि जमीन ताब्यात घेणं नंतर असा क्रम लावला की सुधारणा होईपर्यंत भाव चढतात आणि ज्यांच्यासाठी केलं तेच बाहेर जातात. बॉस्टनच्या डडली स्ट्रीटच्या रहिवाशांनी हे ओळखून १९८८ मध्ये पडीक प्लॉट सक्तीने संपादन करायचा अधिकारच मिळवला, आणि ते घ्यायला फोर्ड फाउंडेशनने २० लाख डॉलरचं कर्ज दिलं. अनुदान नाही हं, परतफेडीचं कर्ज. आणि थायलंडमध्ये २००३ पासूनच्या बान मनकोंग योजनेत कर्ज एकेकट्या माणसाला देतच नाहीत, वस्तीने आधी बचत गट चालवून दाखवायचा, मग सहकारी संस्था करायची, जागा स्वतः शोधायची, मालकाशी भाव स्वतः करायचा, आणि कर्ज त्या संस्थेच्या नावावर. बचतीची वही हीच तिथे पत. तू उद्या कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत बसलीस तर ताळेबंदाइतकीच ती वही नीट वाच, दर महिन्याला पैसे टाकणारी किती घरं आहेत, कुठल्या महिन्यात कमी झाले, का झाले.

आता तुझं काय. एमबीए आत्ता नको. बाबांचं अर्धं ऐक, बँकेत किंवा पतसंस्थेत लाग, पण शाखेत खाती उघडायला नाही, प्रॉपर्टीवर कर्ज देणाऱ्या विभागात, जिथे रोज प्रपोजलं येतात आणि तुला टायटल (मालकीचे कागद), बोजा (मालमत्तेवरचं आधीचं कर्ज), व्हॅल्युएशन, भाडेकरार, इमारतीचा तपासणी अहवाल हे सगळं वाचायला लागेल. दोन-तीन वर्षं तिथे काढ, नाही म्हणायची कारणं शिक, म्हणजे नंतर पलीकडच्या बाजूला बसून हो कसं मिळवायचं ते कळेल. त्याच काळात एखाद्या गृहनिर्माण किंवा भाडेकरू संस्थेचे हिशेब सुट्टीच्या दिवशी बघायला घे, खजिनदार कोणालाच व्हायचं नसतं त्यामुळे नको म्हणणार नाहीत. लोकांसमोर उभं राहून "आपल्याला एवढंच परवडतंय" हे सांगायची सवय तिथेच लागते, कॉलेजात नाही. त्यानंतर रस्ते बरेच आहेत, परवडणाऱ्या घरांना कर्ज देणाऱ्या संस्थेत कर्ज-तपासणी, रहिवाशांच्या संस्थेत प्रोजेक्ट मॅनेजर, घेतलेल्या इमारती वर्षानुवर्षं सांभाळणारा अ‍ॅसेट मॅनेजर (याकडे फार कोणी वळत नाही, म्हणून मागणी चांगली), किंवा फाउंडेशनमध्ये गुंतवणुकीचं काम. पुढे शिकायचंच झालं तर तेव्हा ठरव, नगररचना, प्रॉपर्टीचा कायदा की फायनान्स, तोवर तुलाच कळेल कुठे कमी पडतेयस.

पगार व्यापारी रिअल इस्टेटपेक्षा कमी असतो, ते बाबांपासून लपवू नकोस. पण कौशल्य तेच असतं आणि कधी गरज पडली तर तिकडे जाता येतं, त्यांची काळजी बहुतेक या एका मुद्द्याने बरीच कमी होईल.

इंटरव्ह्यूला जाण्याआधी एक कर, विकायला असलेली एखादी खरी भाड्याची इमारत निवड आणि वर मांडला तसा हिशेब एका पानावर मांड, किंमत, दुरुस्ती, भाडं, किती कर्ज बसतं, किती कमी पडतं, ते कोणाकडून आणि कुठल्या महिन्यात येणार. आकडे चुकले तरी चालतील. झालं की मला पाठव, मी त्यात बँकवाले विचारतील ते प्रश्न लिहून परत पाठवते.