सहलीचे पैसे परत आणून देणाऱ्या मुलाशी काय बोलावे

ताई, दहावीत शिकणाऱ्या तुमच्या मुलाने शाळेच्या सहलीसाठी दिलेले ३,५०० रुपये "यंदा नको, अभ्यास आहे" एवढेच सांगून परत केले. वडिलांच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाल्याचे तुम्ही त्याला सांगितले नव्हते, तरी ते त्याला ठाऊक होते, हे तुम्हाला नंतर धाकट्या मुलीकडून कळले. याचा अभिमान बाळगावा की त्याचे बालपण आपण लवकर संपवले म्हणून वाईट वाटून घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही भावना खऱ्या आहेत. परंतु त्याने हा निर्णय अर्ध्या माहितीवर घेतला आहे आणि उरलेली माहिती त्याला तुम्हा दोघांकडूनच मिळू शकते, ही गोष्ट मला अधिक निकडीची वाटते.

माझी मुलगी १६ वर्षांची असताना आम्ही दोघे एका लग्नासाठी परगावी गेलो होतो आणि घरी ती व इन्सुलिन घेणारी तिची आजी अशा दोघीच होत्या. रात्री आजीला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. मुलीने घरातल्या ग्लुकोमीटरवर तिच्या रक्तातली साखर मोजली, ती ५८ निघाली. आजी शुद्धीवर आहे आणि तिला नीट गिळता येते आहे याची खात्री करून तिने चहाचे चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा मोजली, आकडा ९१ वर आल्यावर दूध-पोळी खाऊ घातली आणि मग आम्हाला फोन केला. साखर ७० च्या खाली गेल्यास साधारण १५ ग्रॅम साखर द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे डॉक्टरांनी माझ्या पत्नीला समजावले होते, तेव्हा मुलगी शेजारी बसून मोबाइल पाहत होती. तिने त्यातला शब्दन् शब्द ऐकला असेल, असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते.

त्याच आठवड्यात हीच मुलगी परवाना नसताना दोन मैत्रिणींबरोबर एकाच स्कूटरवर बसून अजिंक्यताऱ्याच्या चढावर गेली. आदल्या प्रसंगाने भारावलेल्या मला हा विश्वासघात वाटला आणि मी तिला फार कठोर बोललो. मेंदूच्या वाढीविषयी मी नंतर वाचले, तेव्हा त्या दोन वागण्यांतला मेळ लागला. शांतपणे, एकट्याने विचार करायला अवधी मिळाला, तर सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुले जवळजवळ मोठ्या माणसांइतका नीट विचार करू शकतात; मात्र मित्रमैत्रिणी भोवती असताना किंवा मन खवळलेले असताना स्वतःला आवरण्याची शक्ती मागाहून येते, कारण कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. म्हणून तुमच्या मुलाचा समंजसपणा खरा माना, आणि पुढच्या महिन्यात तो एखाद्या क्षुल्लक कारणावरून दार आपटून निघून गेला, तर त्यावरून हा समंजसपणा खोटा ठरवू नका.

मला खरी काळजी वाटते ती कौतुकाची. माझ्या थोरल्या मुलाला आम्ही नातेवाइकांसमोर वारंवार "याला काही सांगावे लागत नाही, फार समजूतदार आहे" असे म्हणत असू. पुढे त्याच्या चष्म्याचा नंबर वाढला, फळ्यावरचे दिसेनासे झाले, तरी त्याने ते चार महिने सांगितले नाही. नवा चष्मा म्हणजे घराला खर्च, असे त्याने आपल्याशीच ठरवून टाकले होते. समजूतदार म्हणवली जाणारी मुले गरजा लपवायला फार सहज शिकतात. तुमच्या मुलाचे बूट, वह्या, दुखणीखुपणी यांची चौकशी आता तुम्हालाच आपणहून करावी लागेल, कारण तो बहुधा मागणार नाही.

त्याच्याशी बोलताना वडिलांनीही सोबत असावे, कारण विषय त्यांच्या कमाईचा आहे आणि तो त्यांच्याच तोंडून ऐकला म्हणजे मुलाच्या मनातली भीती कमी होईल. ओव्हरटाइम गेल्याने महिन्याला नेमके किती रुपये कमी झाले, किराणा, वीज, फी आणि हप्ते भरून किती उरतात, हे कागदावर मांडून दाखवा. ज्या मुलाला खरा आकडा माहीत नसतो, तो मनात त्याहून वाईट आकडा धरून चालतो. मात्र घर कसे चालवायचे ही चिंता तुम्हा दोघांची आहे, हेही त्याच बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगा. सहल खर्चात बसत असेल तर पैसे पुन्हा त्याच्या हातात द्या आणि जायचे की नाही हे त्याला ठरवू द्या. बसत नसेल तर तसे सरळ सांगा आणि त्या ३,५०० रुपयांतून कोणता खर्च भागला तेही सांगा. सहलीला नावे देण्याची मुदत अजून उलटली नसेल, तर हे बोलणे आज रात्रीच करा.