जर्मनीत मास्टर्सला गेल्यावर रुळायला किती दिवस लागतात? राहायची सोय ओळखीतून झाली आहे, पण तिथे पत्त्याची नोंदणी होणार नाही म्हणतात. चालेल का?

नाही चालणार. ती खोली घेऊ नका. रुळण्याचं नंतर बघू.

मी कराडची. ऑक्टोबर २०२२ मध्ये आखेनला मास्टर्ससाठी गेले. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच सुटते) १०,३३२ युरो दाखवावे लागायचे, म्हणजे सव्वाआठ लाखांच्या आसपास. (सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ झाली आहे.) बाबांनी त्यासाठी कर्ज काढलं. राहायची सोय आत्याच्या मुलाने केली. घरात सगळे त्याला दादा म्हणतात आणि त्याचा शब्द मोडत नाहीत. त्याच्या मित्राच्या ओळखीतली एक ताई आखेनमध्ये नोकरी करत होती. "आपलीच आहे, सांभाळून घेईल," एवढ्यावर आम्ही दोन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून आधीच पाठवलं. ७०० युरो.

ताईचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि आम्ही तीन मुली पोटभाडेकरू. घरमालकाला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्याच रात्री ताई म्हणाली, "आनमेल्डुंग इथे करायचं नाही हं. मालकाला कळलं तर सगळ्यांनाच जावं लागेल."

आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. मला वाटलं, एक कागदच तर आहे, पुढच्या महिन्यात करू. त्या कागदाशिवाय काय काय अडतं ते कुणी सांगितलं नव्हतं. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, हा कायदा आहे. त्यासाठी घर देणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की ही व्यक्ती माझ्याकडे राहते. २०१५ पासून त्या सहीशिवाय नोंदणी होत नाही. ताई सही देईना. नोंदणी नाही म्हणून तिथली बचत बँक माझं चालू खातं उघडेना. चालू खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले महिन्याचे ८६१ युरो सुटेनात. नोंदणीनंतर टॅक्सचा अकरा आकडी नंबर आपोआप टपालाने येतो, तोही नाही. त्यामुळे विद्यापीठात मदतनीसाचं काम विचारायलाही मी गेले नाही.

म्हणजे माझ्या नावावर, बाबांच्या कर्जाचे सव्वाआठ लाख पडून होते आणि मी येताना आणलेल्या ६०० युरोंतून भाडं देऊन उरलेल्यावर पाव आणि अंडी खात होते.

२४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. आईने व्हिडिओ कॉल केला. मागे पणत्या, आत्याकडून आलेला फराळ. "तिथे ताईने काय केलंय?" आईने विचारलं. ताई दार लावून झोपली होती. मी म्हटलं, "आम्ही सगळे बाहेर जेवायला चाललोय." फोन ठेवला आणि खरंच बाहेर पडले, पोंटश्ट्रासे या रस्त्याच्या एका टोकापासून पोंटटोरच्या वेशीपर्यंत आणि परत. दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं, सगळीकडे मुलंमुली. मी कुठेच थांबले नाही, कारण खिशातल्या ४० युरोंवर महिनाअखेर काढायची होती. आईशी मी खोटं बोलले ते त्या एका दिवशी, आणि ते मला अजून टोचतं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही यादीत नसते. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून टपाल टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. ताईच्या पेटीवर फक्त तिचं नाव. माझं आरोग्य विम्याचं कार्ड परत गेलं, आणि हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तापाने फणफणलेली असताना. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं बोलावणं तिसऱ्या पाकिटात. तो देश अजून पत्रावर चालतो.

सुटका जर्मन भाषेने केली. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात मी ए-टू (जर्मनची दुसरी पायरी) पर्यंत शिकले होते. दादा तेव्हा म्हणायचा, कोर्स इंग्रजीत आहे, पैसे कशाला घालवतेस. खोलीसाठी इंग्रजीत पाठवलेल्या तीसेक निरोपांना दोन उत्तरं आली होती. मग मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, स्वतःबद्दल चार ओळी घालून पाठवायला लागले. पहिल्या आठवड्यात पाच ठिकाणांहून बोलावणं आलं. नोव्हेंबरच्या मध्याला चार जणांच्या घरात साडेचार महिन्यांसाठी खोली मिळाली. घरमालकाची परवानगी, सहीचा कागद, सगळं. मी बॅगा उतरवत होते तोवर तिथल्या एका मुलाने चिकटपट्टीवर मार्करने माझं आडनाव लिहून खाली पेटीला लावलं. स्पेलिंग चुकलं होतं. मी ते बदलू दिलं नाही, पत्रं येत होती.

७०० युरो मात्र ताईने परत केले नाहीत. मी लेखी मागितले, नंतर विद्यार्थ्यांच्या मोफत कायदा सल्ल्याला जाऊन नोटीस पाठवायची तयारी केली. दादाने फोनवर सुनावलं, "आपल्या माणसाला असं नोटीस देतात का? परक्या देशात तिने छप्पर दिलं." त्या दिवसापासून आत्या आईशी धड बोलत नाही. दादा, तू हे वाचशील की नाही माहीत नाही, पण छप्पर तिने दिलं नव्हतं, विकलं होतं, तेही मालकाच्या नकळत. आपल्या माणसाने आधी कागद द्यावा. कागद मागितल्यावर जो रागावतो त्याला मी आपला म्हणणार नाही. माझ्या बाबांचं कर्ज मी गेल्या वर्षी फेडलं, त्यात ते ७०० युरोही होते.

आता तुमचा प्रश्न. रुळायला मला मार्च उजाडला. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, आणि एकटेपणा येतो तो संध्याकाळी पाच ते आठ या वेळात. त्या वेळेत लायब्ररीत बसा, खोलीत नको. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग फार स्वस्त असतात, सत्र सुरू होतानाच नाव घाला, जागा लगेच भरतात. एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं, माझ्या वेळी नव्हतं, नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालं, ते तुम्ही केलंच असेल.

ओळखीतल्या सगळ्याच सोयी अशा नसतात हेही सांगते. माझ्या वर्गातल्या नाशिकच्या मुलीला ओळखीतूनच खोली मिळाली आणि पहिल्या आठवड्यात नोंदणीही झाली. मला त्या महिन्यात २०० युरो उसने तिनेच दिले. मोबाइलवरून खातं उघडणाऱ्या काही बँका नोंदणीशिवायही खातं देतात, पण कार्ड टपालानेच येतं आणि नोंदणीतून सुटका नाहीच. आणि कुणी "राहायला दुसरीकडे राहा, कागदावर माझा पत्ता लाव" म्हणालं तर मुळीच ऐकू नका, असा खोटा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे.

घर देणाऱ्याच्या त्या सहीच्या कागदाला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. आज त्या ओळखीच्या माणसाला एकच निरोप पाठवा: "वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगवर सही मिळेल का, आणि पेटीवर माझं नाव लागेल का?" उत्तर काय येतं ते इथे खाली लिहा. नाही म्हणाले तर जर्मनमध्ये निरोप लिहायला मी मदत करते.