वस्तरा, पट्टा आणि हिरवी पेस्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार भाऊ. माह्या आजाचा जुना वस्तरा घरात सापडला, सोबत चामड्याचा पट्टा बी होता. गावातल्या न्हावीकाकांनी सिल्लीवर धार काढून देली, पयले दोन महिने मस्त दाढी झाली. मंग धार उतरली तं मी मोबाईलवर पाहून हिरवी पेस्ट मागवली अन् त्याच पट्ट्याले लावली. सुरुवातीले लय भारी वाटलं, म्हून रोज दाढीच्या आधी वीस-पंचवीस हात मारत गेलो. आता चार महिने झाले, वस्तरा चकचकीत दिसते पण केस कापत नाई, ओढते. आमच्या इथला ट्रॅक्टर मेकॅनिक म्हनते का व्हॉल्व घासाची पेस्ट लाव, लवकर काम होते. लावू का? अन् पेस्ट लावून बी धार काऊन जाऊन राहिली?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, व्हॉल्वची पेस्ट अजिबात लावू नका. डबी घरी आणली असेल तर आजच परत देऊन या. इंजिनाचा व्हॉल्व त्याच्या सीटवर घासून बसवायला ती बनवलेली असते, त्यात कार्बोरंडमचे खरबरीत दाणे असतात, जाड पेस्टमध्ये तर दाणा आपल्या केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून मोठा निघतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि चांगल्या वस्तऱ्याची धार टोकाला एका मायक्रॉनच्याही आत. आता विचार करा त्या धारेचं काय होईल! तुमच्या हिरव्या पेस्टमध्ये असते क्रोमियम ऑक्साइड, त्याचा दाणा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. दोघांनाही पेस्ट म्हणतात एवढंच, बाकी काही नातं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, पेस्ट लावूनही धार काऊन गेली. मी तर म्हणेन पेस्ट रोज लावल्यामुळंच गेली.

साधा कोरा पट्टा आणि पेस्टचा पट्टा, ही दोन वेगळी कामं आहेत हे कोणी सांगतच नाही आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत तर सगळं एकाच दमात दाखवून टाकतात. कोऱ्या चामड्यावर लोखंड जवळजवळ झिजत नाही, दाढी करताना धार जिथं जिथं वाकली-मुडपली तिथं ती सरळ होते, साफ होते, म्हणून तो रोज वापरायचा. पेस्ट लावली की तोच पट्टा लोखंड खायला लागतो, थोडंथोडं का होईना पण प्रत्येक हाताला खातो. आणि चामडं असते नरम. वस्तरा दाबला की ते खाली बसते आणि धारेच्या मागून वर उठते, तिथंच पेस्ट जास्त घासते, आणि महिन्या-दोन महिन्यात धारेचा सपाट उतार टोकाशी गोल होऊन जाते. गोल झालेली धार चमकते खूप पण केसात शिरत नाही. तुम्ही लिहिलं ना चकचकीत दिसते पण ओढते, ते हेच.

माझ्या वडिलांचा पट्टा ओसरीच्या दाराच्या कडीला अडकवलेला असायचा. डाव्या हातानं ताणून धरायचे, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेल्या, पाठ पुढं धार मागं, टोकाला गेलं की पाठीवरूनच पलटवायचे, धार कधी चामड्याला रुतू द्यायची नाही. सप्-सप् असा एकसारखा आवाज. शेवटी तळहातावर तीन-चार वेळा फिरवायचे (हे तुम्ही करू नका, त्यांचा हात पन्नास वर्षं बसलेला होता). त्या पट्ट्याला त्यांनी जन्मात पेस्ट लावली नाही. मी लावली, त्यांच्या माघारी, एका दुकानातून बफिंगची, म्हणजे धातू चमकवायची, हिरवी कांडी आणून. त्या कांडीत क्रोमियम ऑक्साइडसोबत ॲल्युमिनियम ऑक्साइडचेही दाणे असतात आणि ते सगळे एका मापाचे नसतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भिंगाखाली पाहिलं तर धारेवर बारीक ओरखडेच ओरखडे. तो पट्टा मी धुतला, खरवडला, तरी चामड्यात बसलेला दाणा पूर्ण निघाला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटते. म्हणून आजाच्या पट्ट्याबद्दल तुम्हाला जीव तोडून सांगतो. त्याची मागची बाजू अजून कोरी असेल तर आता तीच रोजच्यासाठी ठेवा, हिरव्या बाजूला परत हात लावू नका.

वस्तऱ्याला आता पट्टा पुरणार नाही, सिल्लीवरच न्यावा लागेल. न्हावीकाकांकडे जा, पण जाताना परमनंट मार्कर घेऊन जा. धारेच्या उताराला दोन्ही बाजूंनी शाई लावा आणि सिल्लीवर हलक्या हातानं दोन हात मारायला सांगा. उतारावरची शाई गेली पण अगदी टोकाशी काळी रेघ राहिली तर समजा टोक गोल आहे आणि दगड तिथं पोचतच नाही. ती रेघ दोन्ही बाजूंनी पुसली जाईपर्यंत बारीक दगडावर चालवायचं, घाई करायची नाही. तुमच्याकडे पाण्याचे आकड्यांचे दगड असतील (पाणी टाकून वापरायचे, आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक) तर ४००० आणि मग ८०००, बहुतेक तेवढ्यात काम होते.

मग पेस्ट फेकून द्यायची का? नाही ना. ती चांगली वस्तू आहे, फक्त जागा बदला. सागाची नाहीतर कसलीही एक सपाट पाटी घ्या, वस्तऱ्याच्या पात्यापेक्षा रुंद, तिच्यावर धुतलेलं सुती कापड घट्ट ताणून चिकटवा, कापडाखाली फोम-बिम काही नको. वाटाण्याएवढी पेस्ट बोटानं पसरवून कापडानंच पुसून काढा, फक्त हिरवी झाक राहिली पाहिजे, थर दिसला तर जास्त झाली. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनानंच दहा-बारा हात, तेही वस्तरा ओढायला लागला तेव्हाच, म्हणजे वीस-तीस दाढ्यांतून एकदा. नंतर पातं पुसून कोऱ्या चामड्यावर पन्नास-साठ हात. असं चार-पाच वेळा झालं आणि पेस्टनं फरक पडेनासा झाला की पुन्हा दगड. डायमंडची पेस्ट मिळते, पाव मायक्रॉनचीही मिळते, पण ती लवकर लोखंड खाते, नवशिक्यानं क्रोमियमवरच राहावं.

एक अजून. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ब्लेडनं केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा पन्नासपट नरम, तरी केस वाकला आणि पोलादातली कमजोर जागा त्याच्याखाली आली की धारेचा बारीक टवका उडतो, असं दिसलं. म्हणजे धार नुसती झिजत नाही, तुटतेसुद्धा. भिजलेला केस नरम असतो, म्हणून गरम पाण्यानं दाढी दोन-तीन मिनिटं नीट भिजवा, फेस भरपूर करा. कोरड्या दाढीवर वस्तरा फिरवून मग पट्ट्याला दोष देणारे मी खूप पाहिले.

प्रश्न : पेस्ट महाग पडते. टूथपेस्ट किंवा चुलीतली राख चालेल का?
— एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : नाही. राखेत वाळूचा कण असतोच, आणि टूथपेस्टचे दाणे दातासाठी असतात, मोठे-लहान मिसळलेले, वर ती सुकली की पापडी धरते. पैसे वाचवायचे तर जुना वर्तमानपत्राचा कागद सपाट पाटीवर ताणून त्याच्यावर हात मारा. शाई आणि कागदातली माती हलकी पॉलिश करते, नुकसान काही नाही.

प्रश्न : आमचे मामंजी अजून वस्तऱ्यानंच दाढी करतात. पावसाळ्यात गंज धरतो म्हणून मी घरचं जवसाचं तेल लावून ठेवते, तर पातं चिकट होऊन राहिलं. काय चुकलं?
— एक वाचक भगिनी, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, तुमची काळजी बरोबर आहे, तेल चुकलं. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरते, म्हणून तर ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये घालतात. तोच चिकटपणा पट्ट्यावर गेला की पट्टाही खराब होते. (जवसाच्याच झाडाच्या धाग्यापासून लिननचं कापड होते आणि चांगल्या पट्ट्याला चामड्यासोबत एक लिननची पट्टी असते, ती मात्र मामंजींना जरूर आणून द्या.) चिकट झालेलं पातं थोड्या रॉकेलनं नाहीतर स्पिरिटनं पाठीकडून धारेकडे पुसा, उलट पुसलं तर बोट कापेल. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बस.

वस्तरा आणि पट्टा दोन्ही मामंजींपुरतेच ठेवा, घरातल्या पोरांनी मागितला तरी देऊ नका, रक्तातून कावीळ पसरते आणि पट्टा काही उकळता येत नाही.

आणि गंज पात्यावर दिसतो पण सुरू होते बहुतेक मुठीच्या खिळ्यापाशी, पातं मुडपते तिथं. दाढी झाली की कापडाचा कोपरा, नाहीतर टिश्यू पेपरची वात करून त्या फटीत घाला, पाणी शोषून घ्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तरी वस्तरा न्हाणीत न ठेवता धान्याच्या कोठीजवळ कोरड्या जागी ठेवा.