मिस्टरांच्या चाळिशीला तीन पगारांचं घड्याळ, घ्यावं की नको?

एका ताईंचा मेसेज आलाय, त्यांच्या परवानगीने इथेच उत्तर देतोय. मिस्टरांना चाळीस पूर्ण होतायत, दोन महिने राहिलेत. तीन वर्षांपूर्वी एका शोरूमच्या काचेसमोर ते थांबले होते, एका स्विस ऑटोमॅटिक घड्याळाकडे बघून "भारी आहे हे" म्हणाले होते, आणि ताईंनी ते मनात ठेवलं. घड्याळाची किंमत ताईंचे तीन महिन्यांचे हातात येणारे पगार. त्यांनी स्वतःच्या बाजूला टाकलेला साधारण एक पगार आहे, उरलेल्यापैकी एक पगार एफडी मोडून आणि एक पगार क्रेडिट कार्डवर बारा महिन्यांच्या 'बिनव्याजी' ईएमआयने असा प्लॅन आहे. एफडीत सगळा मिळून पाच महिन्यांचा घरखर्च आहे, होमलोन चालू आहे, आणि मिस्टर पुढच्या वर्षी नोकरी बदलायच्या विचारात आहेत. दुकानदार म्हणाला "मॅडम हा खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट आहे". ताईंचा प्रश्न, घेऊ का?

ताई, आधी त्या दुकानदाराचं वाक्य बाजूला काढू, कारण मला वाटतं तुमचं मन अर्धं त्यानेच वळवलंय. घड्याळांच्या किमती वाढतात हे खरंय, पण कुठल्या घड्याळांच्या? रोलेक्स, पाटेक फिलिप, ओडमार पिगे अशा दोन-चार नावांची काही ठरावीक मॉडेल्स, ज्यांना वेटिंग लिस्ट असते, ती सेकंडहँडमध्ये शोरूमपेक्षा महाग विकली गेली. पाटेकने २०२१ मध्ये नॉटिलसचं ५७११ हे मॉडेल बंद करतोय असं सांगितलं आणि त्याचे भाव कुठच्या कुठे गेले. मग २०२२ च्या सुरुवातीला हा सगळा बाजार शिखरावर पोचला आणि तिथून घसरत गेला, त्या वरच्या भावाला घेतलेले लोक अडकले. आणि ही तर बाजारातली लाडकी घड्याळं झाली, बाकी बहुतेक चांगल्या स्विस घड्याळांचं असं असतं की तुम्ही दुकानाच्या दारातून बाहेर पडलात की ते सेकंडहँड झालं, परत विकायला गेलात तर समोरचा डीलर स्वतःचा नफा धरूनच भाव सांगणार. तुम्ही सांगितलेलं मॉडेल काचेत मांडलेलं आहे, आज मागितलं तर आज मिळतंय. जे आज मागून आज मिळतं त्याला उद्या कोण जास्त पैसे देईल?

आणि समजा वाढलीच किंमत, तरी नवऱ्याला चाळिशीला दिलेलं घड्याळ तुम्ही विकणार आहात का? न विकायची वस्तू इन्व्हेस्टमेंट कशी होईल. तो खर्च आहे, आणि खर्च असण्यात काही वाईट नाही, फक्त तो खर्च म्हणून बघायचा.

बरं वेळ बघायला म्हणून कोणी हे घेत नाही. सेइकोने १९६९ च्या डिसेंबरमध्ये ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं तेव्हाच अचूकपणाची स्पर्धा संपली. आजच्या साध्या सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळात एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावर वेळ मोजली जाते, असं घड्याळ महिन्यात पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं, आणि स्विस क्रोनोमीटर सर्टिफिकेटवालं (म्हणजे अचूकपणाची चाचणी पास झालेलं) महागडं मेकॅनिकल, म्हणजे स्प्रिंगवर चालणारं घड्याळ दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चुकलं तरी पास! म्हणजे पैसे देतो ते आतल्या कारागिरीचे आणि मनगटावर काय दिसतं त्याचे. मला स्वतःला ते आवडतं, मी काही घड्याळद्वेष्टा नाही, उलटंच आहे.

माझंच सांगतो. पस्तिशीत मोठा बोनस आला तेव्हा एक ऑटोमॅटिक घेतलं होतं. ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीवर चालतं, त्याचा साठा, म्हणजे काढून ठेवल्यावर ते किती वेळ चालतं तो, साधारण चाळीस तासांचा. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं की सोमवारी सकाळी बंद, मग घाईच्या वेळी चावी द्या, वेळ लावा, तारीख लावा, आणि तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान फिरवायची नाही म्हणे, आतली चाकं अडकलेली असतात. पहिले दोन महिने मजा वाटली. एकदा वेळ लावून बाजूची किल्ली नीट आत दाबली नाही, तसेच हात धुतले, संध्याकाळी काचेच्या आतून धुकं. (डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नका, ते हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतंच असतं, आणि किल्ली उघडी असेल तर तेवढंही नाही.) सर्व्हिसिंगचं जे बिल आलं त्यात एक चांगलं साधं घड्याळ आलं असतं. आणि काही झालं नाही तरी पाच-दहा वर्षांतून एकदा आख्खं उघडून साफ करून तेल घालावंच लागतं, हा खर्च दुकानात कोणी सांगत नाही. म्हणजे गिफ्ट तुम्ही देणार आणि त्याचा मेंटेनन्स घरखर्चातून जन्मभर.

आता तुमचे पैसे. तुमच्या स्वतःच्या साठवणीतल्या एका पगाराबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, ते पैसे याचसाठी ठेवलेत, उडवा. काही लोक लगेच गणित मांडतात की हेच पैसे ८ टक्क्यांनी गुंतवले तर नऊ वर्षांत दुप्पट आणि अठरा वर्षांत चौपट, मिस्टर ५८ चे होतील तेव्हा बघा किती! गणित बरोबर आहे, पण हे गणित प्रत्येक गोष्टीला लावलं तर माणूस आयुष्यात कोणाला काहीच देणार नाही, म्हणून मी ते इथे लावत नाही.

माझा आक्षेप उरलेल्या दोन पगारांवर आहे. एफडी तुमच्या दोघांची आहे ना? मग त्या भागाचं गिफ्ट मिस्टर स्वतःच स्वतःला देतायत, फक्त त्यांना माहीत नाही. आणि ती एफडी नोकरी बदलताना लागणार आहे. नवीन ठिकाणी जॉइनिंग लांबतं, जुना पगार अडकतो, मध्ये दोन महिने कोरडे गेले तर होमलोनचा हप्ता काही थांबत नाही. पाच महिन्यांचा खर्च मला आत्ताच जरा कमी वाटतोय, सहाच्या पुढे असावा, आणि आपण तो अजून खाली आणायचं बोलतोय.

कार्डचं म्हणाल तर 'बिनव्याजी' ऐकून भुलू नका. कोणीतरी ते व्याज भरतंच, बहुतेक वेळा रोखीवर मिळणारी सूट तुम्ही सोडता तेच तुमचं व्याज. दुकानात एवढंच विचारा, "आत्ता सगळे पैसे एकदम दिले तर किती कमी कराल?" जो आकडा येईल ती ईएमआयची खरी किंमत, त्यात प्रोसेसिंग फी मिळवा. आणि एखादा हप्ता चुकला, कार्डचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही, की नेहमीचं व्याज चालू, महिन्याला ३ टक्के धरलं तरी चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. नोकरी बदलायच्या वर्षात बारा हप्त्यांचं नवीन ओझं मला नको वाटतं.

तर माझं उत्तर, हे घड्याळ या पद्धतीने आत्ता नको. एका पगारात जे बसेल ते घ्या. त्यात काही कमीपणा नाही, टिसो, सेइको, ओरिएंट यांची चांगली ऑटोमॅटिक येतात, टिसोच्या पॉवरमॅटिक ८० ला तर ८० तासांचा साठा आहे, म्हणजे शुक्रवारी काढलेलं सोमवारी चालू असतं, माझ्या त्या महागड्यापेक्षा बरं. नाहीतर तेच मॉडेल हवं असेल तर दोन वर्षं थांबा, कमी पडणारे दोन पगार चोवीस महिन्यांत जमवायचे म्हणजे दर महिन्याला पगाराचे आठ-साडेआठ टक्के. कंपन्या मधेमधे किमती वाढवतात त्यामुळे थोडे जास्तच टाका. चाळिसावा हुकेल, बेचाळिसाव्याला द्या, कोणी पावती मागत नाही. सेकंडहँडचाही विचार करा, पहिला मोठा उतार दुसऱ्याने सोसलेला असतो, पण फक्त बॉक्स, वॉरंटी कार्ड आणि वॉरंटी देणाऱ्या ओळखीच्या डीलरकडून. ऑनलाइन अनोळखी माणसाकडून अजिबात नको, हुबेहूब नकली मिळतात, मागचं झाकण उघडल्याशिवाय जाणकारालाही कळत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाही पर्याय घेतलात तरी करा. तीन वर्षांपूर्वी "भारी आहे" म्हणणं आणि ते रोज घालावंसं वाटणं यात फरक आहे. तुम्हीच लिहिलंय की ते हल्ली स्मार्टवॉच घालतात, पावलं मोजतात, मेसेज बघतात. तो माणूस ते काढून हे घालेल का? हातावर दोन घड्याळं कोणी घालत नाही. माझ्या एका क्लायंटने बायकोला असंच सरप्राइज दिलं, ते आता लॉकरमध्ये आहे, "खराब होईल" म्हणून, आणि लॉकरचं भाडं वेगळं. ४२ मिलिमीटरची डायल बारीक मनगटावर ताटलीसारखी दिसते, शर्टाच्या बाहीत अडकते, आणि एकदा वापरलं की दुकान परत घेत नाही. सरप्राइजच द्यायचं असेल तर निदान ते झोपलेले असताना मनगटाला दोरा गुंडाळून माप घ्या. माझं विचाराल तर मी सरळ त्यांनाच विचारेन की चाळिशीला एवढे पैसे ठेवलेत, घड्याळ घ्यायचं का. ते "नको, सुट्टीला कुठेतरी जाऊ" म्हणाले तर मग मला परत मेसेज करा, त्याचा हिशोब वेगळा मांडू.