विज्ञानाने माणूस सुखी होतो, असं ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं मत होतं का?
नाही, आपोआप होतो असं तो मानत नव्हता. १९२४ च्या ‘इकारस’ या छोट्या पुस्तकात त्याने उघडच भीती व्यक्त केली आहे की, लोकांच्या सुखापेक्षा सत्ता हाती असलेल्यांचं बळ वाढवायलाच विज्ञान वापरलं जाईल. माणसाची हाव तीच, फक्त हात लांब होतात. मालवणच्या किनाऱ्यावर हे समजावून सांगावं लागत नाही: रात्री एलईडीच्या झगझगाटात मोठ्या बोटी मासळी गोळा करून उपसतात (२०१७ पासून बंदी आहे म्हणे!) आणि सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. पण म्हणून रसेलला विज्ञानविरोधी ठरवू नका; १९३० च्या सुखावरच्या पुस्तकात सुशिक्षितांमध्ये सर्वात सुखी त्याने शास्त्रज्ञांनाच म्हटलंय.