खास लोकरीसाठी डिझाइन निवडताना

आधी लोकर नीट पाहा, डिझाइन नंतर शोधा. तुमची लडी अनेक रंगांत हाताने रंगवलेली असेल, तर रंगच सगळं लक्ष वेधून घेणार. त्यावर केबल (दोरीच्या पिळासारखी दिसणारी वीण) किंवा बारीक जाळी घातलीत तर रंगांच्या गर्दीत ती दिसणारच नाही, मेहनत वाया जाईल. साधी सुलट वीण, दोन्ही बाजूंनी सुलट टाके किंवा मधूनमधून न विणता उचललेले टाके अशा लोकरीला फार शोभतात. नक्षीची हौस एकरंगी, घट्ट पिळाच्या लोकरीवर भागवा.

लेबलवर धागा कशाचा आहे तेही वाचा. रेशीम आणि अल्पाका (त्याच नावाच्या प्राण्याची लोकर) मेंढीच्या लोकरीइतके लवचीक नसतात, ताणले की तितके परत मूळ आकारात येत नाहीत. त्यांचा स्वेटर वापरून लांबतो, शाल मात्र अंगावर सुरेख पडते. मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीची केसाळ लोकर, उसवताना केस एकमेकांत अडकतात, म्हणून पहिल्यांदा विणताना अगदी सोपं डिझाइन घ्या.

एकच लडी असेल तर वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. बारीक लोकरीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर धागा असतो, जाड लोकरीत खूप कमी. कोपऱ्यापासून वाढत जाणारी शाल मला अशा वेळी सगळ्यात आवडते, कारण धागा संपत आला की तिथेच टाके बंद करता येतात.

आणि नमुन्याचा चौकोन विणाच, निदान १५ सेंटीमीटरचा. धुऊन, वाळवून मगच मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजा. धागा कमी पडेल असं वाटलं तर तोच चौकोन उसवून वापरता येतो.